पडद्यापलीकडचा दादा

एकच विमान, एकच आडनाव, पण क्लास दोन! कंपनीच्या तिकिटावर पुढे बसलेल्या भावाला भेटायला जाणं म्हणजे काय, हे मला मध्यरात्री हातात दशम्यांचा डबा घेऊन उभी असताना कळलं...

"मॅम, इकॉनॉमीची वॉशरूम मागच्या बाजूला आहे."

एअर होस्टेस हसून म्हणाली. अगदी गोड, इंग्लिशमध्ये. मी म्हटलं, मला वॉशरूमला नाही जायचं, माझा भाऊ पुढे बसलाय, त्याला हे द्यायचंय. तिनं माझ्या हातातल्या स्टीलच्या डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा डब्याकडे. मुंबईहून फ्रँकफर्टला निघून आम्हाला दोनेक तास झाले होते. सगळ्या विमानात अंधार होता आणि माझ्या नाकासमोर होता एक निळा पडदा.

आपल्याच माणसाला भेटायला जाताना तुम्हाला कधी कुणी असं अडवलंय? मला अडवलं. आणि खरं सांगते, जाम अपमान वाटला.

थोडं मागे जाऊ या. माझा दादा चाकणच्या एका जर्मन कंपनीत मॅनेजर आहे. तिथे गाड्यांचे पार्ट बनतात. एका प्रोजेक्टसाठी त्याला तीन महिने श्टुटगार्टजवळच्या हेड ऑफिसला जायचं होतं. त्यानं ठरवलं, पहिले पंधरा दिवस आई-बाबांनाही न्यायचं आणि त्यांच्या सोबतीला मला. आमच्या घरातली पहिली फॉरेन ट्रिप! निगडीच्या आमच्या सोसायटीत ही बातमी व्हिसाच्या आधी पोहोचली होती. वॉचमननंसुद्धा बाबांना विचारलं, "काका, जर्मनी का?"

कंपनीचा नियम असा, की लांबची फ्लाइट असेल तर दादाच्या ग्रेडला बिझनेस क्लास मिळतो. आमची तिघांची तिकिटं त्यानं स्वतःच्या खिशातून काढली, अर्थातच इकॉनॉमीची. यात चूक काहीच नव्हती. बिझनेसची तीन तिकिटं काढली असती तर त्याच्या फ्लॅटचे हप्ते वर्षभर थकले असते. हिशोब सगळ्यांना पटला होता. एअरपोर्टवर मात्र त्याची रांग वेगळी झाली, तो लाउंजमध्ये गेला आणि आम्ही तिघं गेटसमोरच्या खुर्च्यांवर बॅगा सांभाळत बसलो. तेव्हा आई पहिल्यांदा म्हणाली, "असं काय गं हे? एकत्र निघालोय ना आपण?"

चाकण टू फ्रँकफर्ट

आमच्या भागाला हे बिझनेस क्लासचं प्रकरण तसं नवीन नाही. २००८ साली लुफ्तान्सानं पुणे–फ्रँकफर्ट थेट विमान सुरू केलं होतं. लोहगावच्या एवढ्याशा एअरपोर्टवरून! विमान छोटं, पण भर मुख्यतः बिझनेस क्लासवर. कारण उघड आहे. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा प्लांट सुरू झाला, मर्सिडीजही त्याच सुमारास पिंपरीहून चाकणला गेली. त्यांच्या मागोमाग छोट्या-मोठ्या सप्लायर कंपन्या आल्या. जर्मन साहेब इकडे आणि आपले इंजिनियर तिकडे, अशी ये-जा सुरू झाली. ते विमान आता बंद झालंय. त्यामुळे फ्रँकफर्टला थेट जायचं तर आधी एक्स्प्रेस वेवरून मुंबई गाठावी लागते. आम्हीही तसेच गेलो. चौघं एका टॅक्सीत, बॅगा मांडीवर. तिथे कुठलाच क्लास नव्हता. लोणावळ्याला सगळ्यांनी मिळून एक वडापाव जास्तीचा मागवला आणि त्यावरून दादाचं नि माझं नेहमीसारखं भांडण झालं.

आमच्या लहानपणी प्रवास म्हणजे सिंहगड एक्स्प्रेस. डेक्कन क्वीन चिंचवडला थांबत नाही, सिंहगड थांबते, म्हणून आमची गाडी तीच. काकांकडे दादरला जायचं तर बाबा ऐनवेळी ठरवायचे. मग आई आणि मी लेडीज डब्यात, बाबा आणि दादा जनरलमध्ये. लोणावळा आलं की बाबा प्लॅटफॉर्मवरून पळत आमच्या खिडकीशी यायचे, चिक्कीचं पाकीट आत टाकायचे आणि गाडी हलायच्या आत परत पळायचे. आईचा जीव टांगणीला लागायचा. "नका येऊ हो, गाडी सुटेल!" असं ती दर वेळी म्हणायची. आणि बाबा दर वेळी यायचे.

म्हणूनच विमानात बसल्यावर मी गृहीत धरलं होतं, की दादा येईल. सीटबेल्टची खूण बंद झाली, जेवण आलं, जेवण गेलं, दिवे मालवले. दादा काही आला नाही.

"जेवला असेल ना गं तो?" आईनं तिसऱ्यांदा विचारलं.

"झोपू दे त्याला," बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

मी डबा उचलला आणि निघाले.

पुढचा मागे, पण मागचा पुढे नाही

पुढे काय झालं ते वर सांगितलंच. पण तिथे उभं राहून वाद घालण्यापेक्षा नियम माहीत असलेला बरा. तुमच्यावरही ही वेळ कधीतरी येणार, कारण हल्ली प्रत्येक ऑफिसात कुणी ना कुणी अपग्रेड मिळवून येतो. फंडा साधा आहे. पुढच्या क्लासमधला माणूस मागे आपल्या माणसाला भेटायला आला तर सहसा कुणी हरकत घेत नाही. मागच्या क्लासमधला पुढे गेला तर अडवतात. पुढच्यानं सीटचे, शांततेचे आणि मोजक्या वॉशरूमचे पैसे मोजलेले असतात. जेवणही प्रत्येक क्लासमध्ये मोजून चढवलेलं असतं. पुढचं जेवण किंवा ड्रिंक मागे नेऊन देणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. आपापसात सीट बदलायची असेल तर क्रूला विचारल्याशिवाय बदलायची नाही. आणि २००१ च्या अकरा सप्टेंबरनंतर कॉकपिटच्या आसपास गर्दी होऊ न देण्याबाबत सगळेच जास्त काटेकोर झाले. थोडक्यात, भेटायचंच असेल तर पुढच्यानं मागे यावं, जेवणाच्या ट्रॉल्या परत गेल्यावर यावं, हळू आवाजात बोलावं आणि बेल्टची खूण लागली की गुपचूप आपल्या जागी जावं.

हे सगळं त्या मुलीनं मला दोन वाक्यांत समजावलं. ती वाईट नव्हती हो. तिनं दादाचं नाव विचारलं, आत गेली, परत आली आणि हळूच म्हणाली, "ते झोपलेत. उठवू का?"

मी "नको" म्हटलं. पडद्याच्या फटीतून मला एक आडवी झालेली सीट दिसली. पांढरी चादर आणि तिच्याबाहेर आलेला पाय. आमच्या दादाचाच, करड्या मोज्यातला. तो खरंच गाढ झोपला होता. आणि मागे बाबा गुडघे दुमडून बसले होते. चौतीस वर्षं लेथवर उभं राहून झिजलेले गुडघे.

परत येऊन मी आईला म्हटलं, "दिला डबा." आणि तो पायाशी पर्समध्ये कोंबला.

या पडद्यावर चक्क अभ्यासही झालाय. टोरंटो युनिव्हर्सिटीच्या कॅथरिन डीसेल्स आणि हार्वर्डचे मायकल नॉर्टन यांचं संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या विमानात फर्स्ट क्लास असतो, तिथे इकॉनॉमीतल्या प्रवाशांनी चिडून गोंधळ घालण्याची शक्यता जवळपास चौपट असते, असं त्यांना आढळलं. सगळ्यांना पुढच्या क्लासमधून चालत मागे जावं लागलं तर ती आणखी वाढते. उलटही होतंच. २०१७ च्या मार्चमध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेलं विमान आठवतंय? उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांच्याकडे बिझनेस क्लासचं तिकीट होतं आणि त्या विमानात बिझनेस क्लासच नव्हता. दिल्लीत उतरल्यावर त्यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेनं मारलं आणि तसं स्वतःच टीव्हीवर सांगितलंही. पडदा असला तरी माणसं चिडतात, नसला तरी चिडतात!

"कुठल्या दशम्या?"

तासाभरानं कुणीतरी माझ्या खांद्यावर टकटक केलं. दादा! केस विस्कटलेले, पायात विमान कंपनीच्या सपाता.

"अरे, आलास! दशम्या खाल्ल्यास का?" आईनं विचारलं.

"कुठल्या दशम्या?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी पर्सकडे. मग मी दादाचा हात धरून त्याला सरळ मागे घेऊन गेले, जिथे क्रूच्या ट्रॉल्या असतात तिथे. आणि सुटले.

"चार तास झाले! एकदा तरी मागे वळून बघितलंस? आई दर दहा मिनिटांनी विचारतेय. बाबांचे पाय सुजलेत. आणि तू पाय पसरून घोरतोयस! मला त्या बाईनं दारातून परत पाठवलं. कळतंय का तुला?"

दादानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबांनी सांगितलं होतं, येऊ नकोस."

"काय?"

"गेटवर. तू पाण्याची बाटली आणायला गेली होतीस तेव्हा. मी त्यांना म्हटलं, क्रूला विचारून बघतो, तुम्ही माझ्या सीटवर बसा, मी मागे बसतो. तर म्हणाले, ती जागा तुझ्या नावाची आहे, तूच बसायचं. आणि सारखा मागे येऊन उभा राहू नकोस. मी आत्ताही त्यांना झोप लागली असेल असं समजून आलो."

मला पटेना. खिडकीशी चिक्की पोहोचवायला प्लॅटफॉर्मवरून पळणारा माणूस असं का सांगेल?

"सुर्वेकाकांची गोष्ट विसरलीस?" दादा म्हणाला. (नाव अर्थातच मी बदललंय.)

बाबा पिंपरीतल्या ज्या कारखान्यात होते तिथे एके काळी तीन कँटीन होती. कामगारांचं, स्टाफचं आणि ऑफिसर्सचं. कामगारांच्या कँटीनमध्ये लांब बाकं आणि स्टीलची ताटं. ऑफिसर्सच्या कँटीनला दारावर पडदा. बाबा एकदा शॉपमधून साहेबांची सही आणायला तिथे गेले होते, तर पडद्याबाहेर अर्धा तास उभे होते. आत जायला कुणी मनाई केली नव्हती. "पण पाय उचलला नाही," असं ते सांगायचे. दादा दहावीला असताना ही गोष्ट आमच्या घरी आठवड्यातून एकदा तरी व्हायची. तात्पर्य ठरलेलं असायचं. अभ्यास कर, म्हणजे पडद्याच्या आत बसशील.

सुर्वेकाका बाबांच्याच लाइनवर होते. बाहेरून परीक्षा देत देत ते सुपरवायझर झाले, मग ऑफिसर. पण जेवायला ते जुन्या दोस्तांकडेच यायचे. ते बाकावर बसले की बोलणं थांबायचं. युनियनचं काही बोलायचं नाही, साहेबांची टिंगल करायची नाही. तिकडे ऑफिसर्स म्हणायचे, हा अजून खालीच बसतो. शेवटी सुर्वेकाका आपल्या टेबलावरच डबा खायला लागले, एकटे. बाबांना ते फार लागलं होतं. "आम्हीच त्याला बसू दिलं नाही," असं ते एकदाच म्हणाले होते.

चाकणच्या नव्या कंपन्यांत बऱ्याच ठिकाणी हे राहिलेलं नाही. मारुतीनं १९८० च्या दशकात गुडगावला जपानी पद्धत आणली, सगळ्यांना एकच युनिफॉर्म आणि एकच कँटीन. पुढे अनेक कारखान्यांनी ती उचलली. दादाच्या कंपनीतही प्लांट हेडसुद्धा ट्रे घेऊन रांगेत उभा राहतो. दादानं नोकरीच्या पहिल्या दिवशी घरी येऊन बाबांना हेच सांगितलं होतं. "बाबा, पडदाच नाहीये!" बाबा हसले होते. पण विश्वास बसला नसावा. आणि आता विमानात बसल्यावर तो पडदा त्यांना पुन्हा दिसला.

"त्यांना वाटतं, मी सारखा मागे आलो तर माझा सुर्वे होईल," दादा म्हणाला. "वेडेपणा आहे, मान्य. पण त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं माझ्याकडे. की तू नीट झोप. उतरल्यावर तुला काम आहे. म्हणून झोपलो."

मी गप्प. मग त्यानं विचारू नये ते विचारलं.

"तुला राग नक्की कसला आलाय? मी आलो नाही त्याचा, की तिकिटाचा?"

माझा पडदा

आता इथे मी सहज लिहू शकले असते, की राग आई-बाबांसाठी होता. तुम्ही मानलंही असतं. पण तसं नव्हतं.

मी फ्रीलान्स पत्रकार. मास कॉमची डिग्री, तीन वर्षं एका ऑफिसात नोकरी, मग "स्वतःचं काहीतरी". ऐकायला सही वाटतं. प्रत्यक्षात त्या महिन्यात माझे तीन लेखांचे पैसे कुठे ना कुठे अडकले होते आणि माझं तिकीट दादानं काढलं होतं. त्यानं ते एकदाही बोलून दाखवलं नाही. तेच जास्त बोचत होतं. त्याला चाकणला न्यायला कंपनीची गाडी येते, मी निगडीहून बस बदलत मुलाखतींना जाते. एकाच घरात, एकाच टेबलावर अभ्यास करून मोठे झालो आम्ही. आणि त्या निळ्या पडद्यासमोर उभी असताना मला बाबांचे गुडघे आठवले हे खरं, पण त्याआधी आठवलं, की आपण अठ्ठावीस वर्षांच्या आहोत आणि आपल्याला कुणी आत घेत नाहीये.

"तिकिटाचा," मी म्हटलं.

"मग उतरल्यावर पैसे दे. हप्त्यानं घेईन," दादा म्हणाला. "व्याज लावून."

मला हसू आलं. मग थोडं रडू पण आलं. एका क्रू मेंबरनं न विचारता मला पाण्याचा ग्लास दिला. अशा बाबतीत ही मंडळी खरंच ग्रेट असतात.

शेवटच्या ओळीत एक सीट रिकामी होती. क्रूला विचारून मी तिथे बसले आणि दादाला माझ्या जागी पाठवलं. तिथून मला तिघांची डोकी दिसत होती. बाबा आधी ताठ बसले. मग त्यांनी मान वळवून दादाला काहीतरी विचारलं. मग आईनं डबा उघडला असणार, कारण तिळाच्या चटणीचा वास शेवटच्या ओळीपर्यंत आला! पलीकडच्या रांगेतल्या गोऱ्या आजोबांनीही मान वर केली. आईनं त्यांच्याकडेही डबा नेला. त्यांनी एक दशमी घेतली. थोड्या वेळानं बघितलं तर दादा बसल्या बसल्या झोपला होता आणि त्याचं डोकं बाबांच्या खांद्यावर होतं. बाबा जागे होते. हालत नव्हते. पुढे ती पांढरी चादरीची पसरट सीट, आमच्या तिघांच्या भाड्याहून महाग, रिकामी पडली होती.

विमान उतरायला लागलं तशी मघाचीच मुलगी आली आणि दादाला म्हणाली, सर, लँडिंगला आपल्या जागेवर बसावं लागेल. तो डबा घेऊन पुढे गेला, उरलेल्या दोन दशम्या त्याच्यासाठी होत्या. मी माझ्या जागी आले. आणि मग त्या मुलीनं पडदा बाजूला सारला आणि पट्ट्यानं बांधून टाकला.

मला हे माहीत नव्हतं. टेकऑफ आणि लँडिंगला क्लासमधले पडदे उघडेच ठेवावे लागतात. काही झालंच तर बाहेर पडायची वाट सगळ्यांना मोकळी हवी, आणि क्रूला सगळी केबिन दिसायला हवी. टेकऑफच्या वेळीही तो उघडाच असणार. तेव्हा आमच्यापैकी कुणी बघितलं नव्हतं. आई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती, बाबा खिडकीतून मुंबईचे दिवे बघत होते आणि मी फोटो काढत होते.

आमची सीट पडद्यापासून तिसऱ्या रांगेत. बाबा मधून वाकून पुढे बघायला लागले.

"किती रांगा आहेत गं तिकडे?"

मी मोजल्या. "सात."

"सातच?" बाबा म्हणाले. त्यांनी स्वतः पुन्हा एकदा मोजल्या, बोटानं, शॉपमध्ये तयार माल मोजायचे तशा. मग सीटला टेकून बसले.

तेवढ्यात चौथ्या रांगेतून एक हात बाहेर आला. हातात आमच्या डब्याचं झाकण. दादानं ते दोनदा हलवलं, आणि लगेच कुणीतरी त्याला ते खाली ठेवायला लावलं. आई खुदकन हसली. "वेडा आहे," बाबा म्हणाले, आणि परतीच्या प्रवासात आम्ही तिघंच असू तर पुढे भेटायला कुणी नसेल, असं काहीतरी पुटपुटले.

तिकिटाचे पहिले दोन हप्ते मी दादाला दिलेत. त्यानं घेतले, हे महत्त्वाचं. तिसरा या लेखाच्या मानधनातून देणार आहे. वेळेवर आलं तर!